जमिनीवरची हिरवाई समुद्रातून आली नाही

नवतपा लागला की नागपुरात घरोघरी कूलर दिवसरात्र चालतो, आणि आठवडाभरात त्याच्या टाकीला आतून हिरवा थर धरतो. कोणी त्याला काई म्हणतं, कोणी शेवाळ. घासायचं, पाणी बदलायचं आणि पुढच्या आठवड्यात परत तेच. खरं तर कूलरची टाकी शेवाळासाठीच बनवल्यासारखी असते. खिडकीतून उजेड येतो आणि पाणी सतत खेळतं असतं. त्यातलं वाफ होऊन उडतं ते नुसतं पाणी. क्षार मागेच राहतात आणि वरून नवं पाणी पडलं की आणखी साचतात. थोडक्यात, खतही आपणच घालतो. बियाण्याची तर गरजच नाही, कारण शेवाळाच्या पेशी आणि बीजाणू धुळीबरोबर हवेत उडत असतात.

शेवाळाचा विषय निघाला की शाळेच्या पुस्तकातलं चित्र डोळ्यांपुढे येतं: समुद्रात जीव जन्मला, समुद्रात शेवाळ वाढलं, एके दिवशी ते किनाऱ्यावर आलं आणि त्याची झाडं झाली. या चित्रातला शेवटचा भाग आज टिकत नाही. जमिनीवरचं गवत, बाभूळ, सागवान, काटोलचा संत्रा या सगळ्यांचे पूर्वज गोड्या पाण्यातले होते, आणि बहुधा ओलसर मातीवरचेही. कुठल्याही समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या नागपूरकराने त्यामुळे वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. या कथेतला सर्वांत मोठा प्रसंग डबक्यात घडला, आणि डबक्यांची आपल्याकडे कमतरता नाही.

शेवाळ म्हणजे नेमकं कोण?

आधी एक घोळ निस्तरू. पाण्यात राहून उन्हावर अन्न तयार करणारं, पण मूळ, खोड, पान, फूल नसलेलं जे काही दिसेल त्या सगळ्याला आपण शेवाळ म्हणतो. इतवारीत दुकान लावून बसलेले सगळे जसे एका कुळातले नसतात, तसंच हे. धंदा एक, घराणी वेगवेगळी. त्यातला एक गट, ज्याला जुनी पुस्तकं निळं-हिरवं शेवाळ म्हणतात, तो तर चक्क जीवाणूंचा आहे: सायनोबॅक्टेरिया. त्यांच्या पेशीत केंद्रक नसतं. सूर्यप्रकाशात पाणी फोडून ऑक्सिजन सोडण्याची युक्ती मुळात त्यांची.

बाकीच्यांनी ती युक्ती शिकली नाही, गिळली. दीडशे कोटी वर्षांहून आधी केव्हातरी एका केंद्रक असलेल्या पेशीने सायनोबॅक्टेरिया गिळला, पण पचवला नाही. तो आतच राहिला, वाढला, पेशीबरोबर विभागला. हळूहळू त्याची बरीचशी जनुकं यजमानाच्या केंद्रकात गेली आणि तो स्वतंत्र जगण्याच्या लायकीचा उरला नाही. तुळशीच्या पानातला हरितलवक हा त्याचाच वंशज. त्याच्याजवळ आजही स्वतःचा छोटा गोलाकार डीएनए असतो. या एका घटनेतून दोन मोठी घराणी निघाली, लाल शैवालांचं आणि हिरव्यांचं. तिसरी एक छोटी शाखाही आहे, तिच्यापाशी थांबायला नको.

याचे पुरावे शोधायला फार लांब जावं लागत नाही. आपल्या उत्तरेला, मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेशच्या सीमेवर चित्रकूट आहे. तिथल्या विंध्य खडकांत सुमारे 160 कोटी वर्षांपूर्वीचे धाग्यासारखे जीवाश्म मिळाले, आणि 2017 मध्ये स्टीफन बेंग्टसन आणि सहकाऱ्यांनी ते बहुधा लाल शैवालाचे असल्याचं मांडलं. एका जातीच्या नावात ‘चित्रकूटेन्सिस’ आहे. सगळ्यांना हे पटलेलं नाही. ज्यावर फारसा वाद नाही असा लाल शैवालाचा जीवाश्म आर्क्टिक कॅनडातला आहे, साधारण 105 कोटी वर्षांचा. हिरव्या घराण्यातला जुना पुरावा 2020 मध्ये उत्तर चीनमधून जाहीर झाला: सुमारे 100 कोटी वर्षांपूर्वीचं, फांद्या फुटलेलं, जेमतेम दोन मिलिमीटर लांबीचं समुद्री शेवाळ.

आणि तपकिरी शेवाळ? समुद्रकिनाऱ्यावर वाहून येणारं सरगॅसम, किंवा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ 40-50 मीटर उंचीची जंगलं उभी करणारा केल्प? त्यांची वंशावळ सगळ्यांत गुंतागुंतीची. त्यांच्या पूर्वजाने सायनोबॅक्टेरिया नव्हे, एक आख्खं लाल शैवाल गिळलं. त्यामुळे त्यांच्या हरितलवकाभोवती दोनाऐवजी चार पडदे असतात. केल्प दिसायला झाडासारखा असला तरी तो झाडांचा नातेवाईक नाही. बटाट्याच्या करपा रोगाचा जो सूक्ष्मजीव आहे, तो त्याला जास्त जवळचा. मलेरियाच्या परजीवीच्या पेशीतही असाच एक रंगहीन, उन्हावर अन्न न बनवणारा लवक सापडतो. तोही लाल शैवालाकडून आलेला.

म्हणजे ‘समुद्री शेवाळ’ ही तीन निरनिराळ्या घराण्यांनी आपापल्या वाटेने गाठलेली जागा आहे: लाल, तपकिरी, हिरवं. खडकाला घट्ट धरायचं आणि लाटेत मोडायचं नाही, या एका गरजेने तिघांनाही सारखं रूप दिलं. बहामाजवळ 1984 मध्ये 268 मीटर खोलीवर लाल शैवालाचा खडकाला चिकटलेला थर आढळला होता. तिथे वरच्या उजेडाचा एक हजारांश भागही पोचत नाही.

त्यांची आपली रोजची गाठ मात्र नागपुरातही पडते. चायना ग्रास म्हणून किराणा दुकानात मिळतं ते लाल शैवालातलं अगार. आइस्क्रीमच्या डब्यावर 407 असा क्रमांक दिसला तर ते कॅराजीनन, तेही लाल शैवालाचं. तमिळनाडूत मंडपमच्या किनाऱ्यावर त्याची शेती होते. दाताचं माप घ्यायला डॉक्टर तोंडात जो गार लगदा भरतात तो तपकिरी शैवालातल्या अल्जिनेटचा. अगारची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. 1880 च्या दशकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जीवाणू वाढवायला जिलेटीन वापरत; ते उन्हाळ्यात वितळे. तिथे काम करणाऱ्या वाल्टर हेस यांच्या पत्नी फॅनी हेस जेलीसाठी स्वयंपाकात अगार वापरत. त्यांनीच ते सुचवलं. एकदा घट्ट झालेलं अगार पुन्हा वितळायला साधारण 85 अंश लागतात, त्यामुळे नागपूरच्या मे महिन्यातही ते टिकतं.

बोटांना कळणारा फरक

आता हिरव्या घराण्याकडे. त्याच्या दोन थोरल्या शाखा आहेत आणि त्या वेगळ्या होऊन शंभर कोटी वर्षं तरी झाली असावीत. पहिलीत समुद्री हिरवी शेवाळं आणि गोड्या पाण्यातली बरीचशी येतात. दुसरीत गोड्या पाण्यातली काही मोजकी शेवाळं आणि जमिनीवरच्या सगळ्या वनस्पती.

हा फरक पाहायला सूक्ष्मदर्शक नसला तरी चालतं. पावसाळा ओसरल्यावर भंडारा-गोंदियाकडच्या एखाद्या मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या कडेला जा आणि हिरव्या धाग्यांचे दोन-तीन पुंजके बोटांत चोळून पाहा. एखादा रेशमासारखा बुळबुळीत लागेल, हातातून निसटेल. तो बहुधा स्पायरोगायरा किंवा त्याचा भाऊबंद. एखादा खरखरीत लागेल, ओल्या सुतळीसारखा. तो क्लॅडोफोरा किंवा पिथोफोरा. एकाच ओंजळीत आलेल्या या दोघांत खरखरीत आहे तो समुद्री शेवाळांच्या गोतावळ्यातला आणि बुळबुळीत आहे तो संत्र्याच्या झाडाच्या. या दोन धाग्यांच्या आपसातल्या नात्यापेक्षा बुळबुळीत धागा आणि संत्रा यांचं नातं अधिक जवळचं आहे.

पहिल्या शाखेने आकाराचे जे प्रयोग केले त्यांना तोड नाही. फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या एका खाजणात 1994 मध्ये सापडलेली ऑस्ट्रिओकॉकसची पेशी मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही लहान असते. तेवढ्यात केंद्रक, हरितलवक, सगळा संसार. दुसऱ्या टोकाला कॉलर्पा: आडवं खोड, त्यावर पिसांसारखी पानं, खाली मुळांसारखे तंतू, लांबी काही मीटर, आणि हे सगळं मिळून एकच पेशी! केंद्रकं असंख्य, पण मध्ये एकही भिंत नाही. ॲसिटाब्युलेरिया तर आणखी गमतीची. काही सेंटिमीटर उंचीची, छत्रीसारखी, एक पेशी आणि तिच्या तळाशी एकच केंद्रक. जर्मन शास्त्रज्ञ योआखिम हॅमरलिंग यांनी 1930 च्या दशकात एका जातीचा दांडा कापून दुसऱ्या जातीच्या बुडख्यावर बसवला. शेवटी छत्री उगवली ती बुडख्याच्या जातीची. आकाराचा हुकूम केंद्रकातून सुटतो हे त्यातून दिसलं, डीएनएची रचना कळण्याच्या कितीतरी आधी.

एका पेशीपासून अनेक पेशींचा जीव कसा होतो, याचं उत्तरही याच शाखेने प्रयोगशाळेत दिलं. क्लॅमिडोमोनस हे एकपेशीय शेवाळ. दोन शेपट्या हलवत पोहतं. संशोधकांनी त्याच्या भांड्यांत पॅरामिशियम सोडला, जो त्याला खातो. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात 50 आठवड्यांत पाचपैकी दोन भांड्यांतली शेवाळं गोळ्या करून राहू लागली आणि पॅरामिशियम काढून घेतल्यावरही ती सवय गेली नाही. कारण साधं आहे: गोळा गिळायला अवघड. निसर्गात हाच प्रवास पुढे व्हॉल्व्हॉक्सपर्यंत गेला. हजारो पेशींचा पोकळ गोल, त्यात काहींनी फक्त पोहायचं आणि काहींनी फक्त पिल्लं घालायची. पोहणाऱ्या पेशी पिल्लं बाहेर पडली की मरतात. शरीर म्हणजे मरणारा भाग आणि बीज म्हणजे पुढे जाणारा, ही वाटणी इतक्या लहान जीवात इतकी स्वच्छ दिसते की बीएस्सीच्या विद्यार्थ्याला दुसरं उदाहरण देऊच नये.

समुद्रातली हिरवी शेवाळं मालवण-रत्नागिरीच्या खडकांवर ओहोटीला सहज दिसतात. त्यातलं उल्वा, हिरव्या प्लास्टिकसारखं पातळ, फक्त दोन पेशींच्या जाडीचं. याला प्रयोगशाळेत जीवाणूमुक्त वाढवलं तर पान बनतच नाही, नुसता पेशींचा विस्कळीत पुंजका होतो. पान होण्यासाठी लागणारे रासायनिक इशारे त्याच्या अंगावरचे जीवाणू पुरवतात. आणि एकदा खतपाणी मिळालं की हेच उल्वा आवरत नाही. 2008 च्या ऑलिंपिकच्या तोंडावर चीनमधल्या चिंगदाओच्या समुद्रात, जिथे शिडाच्या होड्यांच्या शर्यती व्हायच्या होत्या, त्याची हिरवी सतरंजी पसरली. दहा लाख टनांच्या वर माल उपसला. मूळ सापडलं दक्षिणेकडच्या किनाऱ्यावर, सुशीभोवतीच्या काळ्या कागदासाठी लाल शैवालाची शेती करणाऱ्या तराफ्यांवर. तिथे उल्वा तण म्हणून वाढत होतं आणि ते खरवडून पाण्यातच टाकलं जात होतं.

डबक्याची बाजू

मग एवढ्या करामती करणाऱ्या समुद्री शाखेला जमीन का जमली नाही, आणि मोजक्या सदस्यांच्या गोड्या शाखेला का जमली? मला वाटतं इथे डबक्याचं श्रेय मान्य करायला हवं. समुद्र कधी आटत नाही. ओहोटीला उघडं पडलेलं शेवाळ सहा तासांत पुन्हा भिजतं. डबक्याला असं काही वेळापत्रक नाही. ते तापतं, आटतं, भेगाळतं आणि महिनोन् महिने कोरडं राहतं. तिथे टिकायचं तर कोरडेपणा हा अपघात न मानता आयुष्याचा भाग मानावा लागतो.

स्पायरोगायराचं पाहा. सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक पेशीत हरितलवकाची हिरवी फीत मळसूत्रासारखी फिरलेली दिसते. आयोडीनचा थेंब सोडला की फितीवरचे टपोरे ठिपके निळे-काळे होतात. तो स्टार्च, बटाट्यातला तोच, आणि साठवायची जागाही तीच, लवकाच्या आत. लाल शैवाल तो लवकाबाहेर ठेवतं, तपकिरी तो बनवतच नाही. पाण्याचे दिवस संपत आले की दोन धागे शेजारी येतात, त्यांच्या पेशींमधून आडव्या नळ्या फुटून शिडी तयार होते आणि एका धाग्यातल्या पेशीचा सगळा ऐवज सरकत दुसरीत जातो. मागे रिकामी भिंत. जुळलेल्या पेशीभोवती जाड, चिवट, तपकिरी कवच चढतं. तलाव कोरडा पडून तळाला भेगा गेल्या तरी ते बीज गाळात पडून राहतं आणि मृगाच्या पावसानंतर उगवतं. परागकणाचं कवच ज्या जातीच्या पदार्थाचं असतं, तशाच प्रकारचा पदार्थ या कवचात आढळतो.

पूर्वी पाठ्यपुस्तकं झाडांचा सर्वांत जवळचा नातेवाईक म्हणून कारा या शेवाळाकडे बोट दाखवत. ते साहजिकही होतं: काराला कांडी असतात, प्रत्येक पेरावर फांद्यांचं वर्तुळ असतं, अंगावर चुन्याचा थर असतो, आणि भाताच्या बांधीत ते छोट्या रोपासारखंच उभं राहतं. पण 2014 च्या सुमारास शेकडो जनुकं एकत्र ताडून पाहिल्यावर मान स्पायरोगायराच्या गटाकडे गेला. 2019 मध्ये या गटातल्या दोन ओलसर जागी वाढणाऱ्या शेवाळांचे जनुकसंच वाचले, तेव्हा त्यांच्यात आणि झाडांत काही समान जनुकं सापडली. पाण्याचा ताण पडल्यावर झाड ज्या संदेशावर रंध्रं मिटून घेतं, तो संदेश ओळखणारी जनुकंही त्यांत होती. ती मातीतल्या जीवाणूंकडून उसनी आली असावीत, असा संशोधकांचा निष्कर्ष. म्हणजे तयारी आधी झाली आणि झाडं नंतर. जमिनीवरच्या वनस्पतींचे जुने बीजाणू सुमारे 47 कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत मिळतात.

कारा मागे पडलं तरी नागपूरच्या इतिहासात त्याला जागा आहे. दख्खनचा लाव्हा थरांवर थर ओतत होता, तेव्हा दोन उद्रेकांच्या मधल्या काळात इथे तळी साचत. त्यांचा गाळ लाव्ह्याखाली दबून दगड झाला. मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकात नागपूरच्या टाकळी भागातून ज्या थरांतले जीवाश्म गोळा केले, ते हेच. नागपूरच्या या थरांतून काराच्या कुळातल्या शेवाळांची चुनखडी फळंही मिळाली आहेत: मिलिमीटरभराची, गोल, अंगावर पिळदार रेघा. वय साधारण साडेसहा कोटी वर्षं, म्हणजे डायनासोर संपले त्याच्या आसपासचं.

पहिल्या शाखेतलेही काही जण जमिनीवर आले, पण लहानच राहिले. पावसाळ्यात आंब्याच्या, पेरूच्या, कधी संत्र्या-मोसंबीच्या पानावर मखमली नारिंगी ठिपके पडतात. बुरशीचा तांबेरा समजून औषध मारलं जातं, पण तो बऱ्याचदा सेफॅल्युरॉस असतो: उल्वाच्या गोतातलं, पानावर राहणारं हिरवं शेवाळ, ज्याचा हिरवा रंग कॅरोटीनखाली झाकला जातो. तांबेयुक्त औषध त्यावरही चालतं म्हणून चूक सहसा उघडकीला येत नाही. त्याचाच भाऊ ट्रेन्टेपोहलिया. 2001 मध्ये केरळात लाल पाऊस पडला, त्याचा रंग त्याच्या बीजाणूंचा असल्याचं तपासणीत दिसलं. आणि सावजी मसाल्यात दगडफूल पडतं ना? ते बुरशी आणि ट्रेबॉक्सिया नावाचं हिरवं शेवाळ यांच्या भागीदारीतून झालेलं आहे. तर्रीदार रस्सा ओरपणारा माणूस शेवाळ खात नाही असं म्हणता येणार नाही.

लोणारचं पाणी जून 2020 मध्ये गुलाबी झालं तेव्हा पहिला संशय आला तोही एका हिरव्या शेवाळावर. ड्युनालिएला. खाऱ्या पाण्यात ते तांबडं होतं, पेशीत ग्लिसरॉल साठवून बाहेरच्या मिठाशी तोल सांभाळतं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तपासणी करायला सांगितली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने पाहून सांगितलं की रंग मीठप्रेमी सूक्ष्मजीवांचा, हॅलोआर्कियांचा आहे. पाणी आटून खारेपणा वाढला, ते माजले; पाऊस आल्यावर ते ओसरणार होते.

तलाव हिरवा होतो तेव्हा

फुटाळा, गांधीसागर, अंबाझरी: शहरातल्या कुठल्याही तलावाचं पाणी वाटाण्याच्या सूपासारखं दिसू लागलं की लोक शेवाळाला नावं ठेवतात. शेवाळ फक्त हिशोब दाखवत असतं. गोड्या पाण्यात त्याची वाढ बहुतेक वेळा फॉस्फरसवर अडलेली असते. सांडपाणी, साबण, निर्माल्य आणि शेतातून वाहून आलेलं खत ती अडचण दूर करतात. दुपारी पाण्यात ऑक्सिजन इतका होतो की धाग्यांत बुडबुडे अडकून पुंजके तरंगायला लागतात. रात्री हिशोब उलटतो. तेच शेवाळ ऑक्सिजन ओढतं, तळाशी मेलेलं कुजवणारे जीवाणू त्याहून जास्त ओढतात, आणि पहाटे पाच-सहाच्या सुमारास पातळी तळाला जाते. रोहू-कटला पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात ते याच वेळी. सकाळी दहाला पाण्याची चाचणी घेऊन सगळं ठीक आहे म्हणणाऱ्याने घड्याळ पाहिलेलं नसतं.

त्यातही फरक करायला हवा. धाग्यांचं हिरवं शेवाळ दिसायला वाईट, पण विषारी सहसा नसतं. पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखी साय दिसली, काठीने ढवळल्यावर तिचे धागे निघाले नाहीत आणि वास कुबट असला, तर संशय सायनोबॅक्टेरियावर घ्यावा. त्यांच्या काही जाती यकृताला घातक विष बनवतात. जनावरांना ते पाणी पाजू नये. अशा वेळी घाईने मोरचूद टाकणं हा माझ्या मते सर्वांत वाईट उपाय. पेशी फुटतात, आतलं विष एकदम पाण्यात येतं, आणि मेलेला सगळा माल तळाशी जाऊन उरलासुरला ऑक्सिजन खातो. पाणी काही दिवस निवळतं, तांबं गाळात साठतं. फॉस्फरस कुठेच जात नाही. नाला वळवला नाही आणि गाळ उपसला नाही, तर पुढच्या मार्चमध्ये ऊन तापलं की तोच फॉस्फरस पुन्हा कामाला येतो.